भिंत धुताना नजर घमेल्यावर

आमच्या घराच्या पश्चिमेच्या भिंतीवर, कमरेच्या उंचीला, साधारण तीन फुटांचा एक पट्टा आहे. बाकी भिंत सँडफेस प्लॅस्टरची, हात फिरवला तर मांजराच्या जिभेसारखी खरखरीत. या पट्ट्यावर मात्र ओल्या मातीवरून फणी फिरवावी तशा आडव्या रेघा पडल्या होत्या.

दिवाळीला पाहुणे येणार म्हणून घाईघाईत मी गाड्या धुणाऱ्या एका मुलाला मशीनसकट बोलावलं होतं. त्यानं भिंतीपासून वीतभर अंतरावर नळी धरली आणि खटका दाबला. हिरवंगार शेवाळ असं झरझर निघालं की मी कौतुकानं बघत उभा. तेवढ्यात गच्चीच्या कामासाठी आलेले आमचे जुने गवंडीमामा फाटकातून आत आले. त्यांनी भिंतीकडे पाहिलंच नाही. खाली वाकून पायथ्याची चिमूटभर रेती उचलली, बोटांत चोळली आणि माझ्या तळहातावर ठेवली.

"काका, हा मळ नाही. ही भिंत आहे तुमची."

मशीन तिथंच बंद झालं. उरलेली भिंत मामांनी सांगितली तशी मी हातानं धुतली, आणि तेव्हापासून दर ऑक्टोबरात तशीच धुतो. मामांची युक्ती एवढीच: भिंतीच्या अगदी बुडाशी रिकामं घमेलं लावून ठेवायचं, वरून ओघळणारं पाणी त्यात पडू द्यायचं, आणि दर पाच-दहा मिनिटांनी त्याच्या तळाशी बोट फिरवायचं. गढूळ पाणी, हिरवट साका, काळी राड, सगळं चालेल. बोटाला रेती लागली की हात थांबवायचा. भिंत स्वच्छ दिसायला लागली की माणसाला जोर चढतो. तो जोर कुठं आवरायचा हे घमेलं सांगतं.

आधी भिंत ओळखा

आमच्या नाशिकातल्या इंदिरानगर, सिडको, गंगापूर रोडच्या आतल्या कॉलन्या, इथले जुने बंगले आणि रो-हाउस पाहिले तर बहुतेक ठिकाणी सँडफेस दिसेल. बाहेरचं हे प्लॅस्टर दोन थरांत होतं, दोन्ही मिळून साधारण २० मिलिमीटर. वरचा थर ओला असतानाच त्यावर स्पंज फिरवून वाळूचे कण उघडे पाडतात. म्हणजे तुमच्या हाताला जे खरखरीत लागतं ते कण अर्धे बाहेर असतात आणि उरलेल्या अर्ध्या भागाला सिमेंटनं धरून ठेवलेलं असतं. पाण्याचा जोरदार झोत कणावर काही करत नाही. दोन कणांच्या मधलं मऊ सिमेंट तो कोरतो. तेवढं गेलं की कण आपोआप सुटतो. मग खालचा थर उघडा पडतो, पुढच्या पावसात जास्त पाणी पितो आणि शेवाळ आणखी लवकर धरतो. भिंत जितकी जोरात धुवाल तितकी ती लवकर मळते, ती यामुळे.

दुसरी जात म्हणजे रंगाच्या दुकानातून येणारं टेक्श्चर. ॲक्रिलिकच्या चिकात बारीक दगडी कण कालवून थापीनं किंवा रोलरनं लावलेला दोन-तीन मिलिमीटरचा थर. नवीन अपार्टमेंट आणि बंगल्यांच्या दर्शनी भागावर हेच असतं. नख रोवून बघा, किंचित रबरासारखं दबतं. यातून रेती सुटत नाही, पण कुठं फट असेल आणि पाणी मागे शिरलं तर संत्र्याची साल निघावी तसा तळहाताएवढा तुकडा सुटून येतो. उन्हात तापलं की ते थोडं मऊ पडतं. दुपारी घासाल तर मळ निघण्याऐवजी त्यात रुतेल.

तिसरी रफकास्ट, म्हणजे ओल्या प्लॅस्टरवर बारीक खडी फेकून केलेली. तिचे खडे एकेक करून सुटतात. तिथं ब्रश फार कमी, पाणीच जास्त.

जुन्या नाशकातल्या वाड्यांना चुन्याचा गिलावा असेल तर मात्र पुढचं बरंचसं विसरा. चुन्याला ॲसिड चालत नाही, ब्लीच घालू नये, फार भिजवूही नये. मऊ कुंचला, थोडं पाणी, आणि चुन्याचं काम येणारा माणूस.

कधी धुवायची

आपला पाऊस जून ते सप्टेंबर. तो पश्चिम आणि नैर्ऋत्येकडून झोडपतो, म्हणून धुळीचे ओघळ त्या भिंतींवर. उत्तरेच्या भिंतीला ऊन फारसं लागत नाही, ती ओलीच राहते, म्हणून शेवाळ तिथं. दसऱ्याच्या आसपास परतीचा पाऊस गेला की लगेच पाण्याला हात घालू नका. दहा-पंधरा दिवस ऑक्टोबरचं ऊन भिंतीला खाऊ द्या. वरवरचं हिरवं शेवाळ त्यात वाळून कागदासारखं सुटतं आणि निम्मं काम कोरड्या ब्रशनंच होतं.

दिवाळीनंतर फार लांबवू नये. निफाडचा पारा बातम्यांत यायला लागला की भिंती सकाळी दहा-अकरापर्यंत दवानं ओल्या असतात, धुतलेलं वाळत नाही, आणि नंतर रंगाचा हात द्यायचा असेल तर थंडीत तोही नीट बसत नाही. एप्रिल-मे तर नकोच. तापलेल्या भिंतीवर साबणाचं पाणी क्षणात वाळून डाग पाडतं, आणि त्या दिवसांत भिंतीवर पाणी ओतताना शेजारीपाजारी ज्या नजरेनं बघतात ते वेगळंच.

दिवसाची वेळ सावली ठरवते. पश्चिमेची भिंत सकाळी, पूर्वेची दुपारी तीननंतर.

डाग वाचून घ्या

भिंत धुण्याआधी एक चक्कर मारा, चहाचा कप हातात घेऊन, निवांत. प्रत्येक डागाला वर कुठंतरी बाप असतो.

कठड्याच्या वरच्या कडेपासून खाली आलेले काळे ओघळ घ्या. कठड्याच्या माथ्यावर वर्षभर धूळ बसते. महामार्गाजवळ राहत असाल तर तिच्यात डिझेलची काजळी मिसळलेली. सिंहस्थ तोंडावर आला की रस्त्यांची खोदाई ठरलेलीच, म्हणजे धूळ दुप्पट. पहिला पाऊस ती सगळी धुऊन भिंतीवर सोडतो. कठड्याच्या माथ्याला आतल्या बाजूनं, म्हणजे गच्चीकडे, उतार असेल तर हे पाणी भिंतीवर येतच नाही. आमच्याकडे उतार नेमका बाहेर होता. तो अर्ध्या दिवसात सिमेंटनं फिरवून घेतला आणि पुढच्या वर्षी पश्चिमेची भिंत निम्मीच मळली. एवढा फरक कुठल्याच साबणानं पडला नव्हता.

खिडकीवरच्या छज्जाची खालची बाजू बोटानं चाचपा. बाहेरच्या कडेच्या थोडं आत लांबलचक खाच असायला हवी. पाणी त्या खाचेपाशी तुटून खाली पडतं. खाच रंगानं बुजली असेल तर पाणी छज्जाच्या पोटावरून सरपटत भिंतीपर्यंत येतं आणि खिडकीच्या दोन्ही बाजूंना मिशा काढल्यासारखे डाग पडतात. खाच साफ करायला काडीला गुंडाळलेला ओला फडका पुरतो.

एका ठिकाणीच, गोलसर, कायम हिरवा डाग दिसला तर वर बघा. टाकीचा ओव्हरफ्लो, एसीची नळी, कुंडी किंवा फुटका पाइप सापडेलच. तो बंद केल्याशिवाय डाग धुणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी. जमिनीलगतच्या फूट-दीड फुटावरचे मातकट ठिपके पागोळीनं उडालेल्या मातीचे. तिथं फूटभर रुंदीचा खडीचा पट्टा टाकला की काम भागतं.

पांढरी बुरशी वाटावी अशी पावडर दिसली तर तिच्यावर पाण्याचा थेंब टाका. ओलं होताच दिसेनाशी झाली आणि वाळल्यावर परत आली तर तो लोणा, म्हणजे प्लॅस्टरमधून वर आलेले क्षार. त्याची गोष्ट वेगळी, पुढं येते.

तीन तपासण्या आणि एक कोपरा

स्क्रू-ड्रायव्हरच्या मुठीनं भिंत ठोकत चला. ठणठणीत आवाज आला तर ठीक. फुटक्या मडक्यासारखा बद्द आवाज आला तर तिथं प्लॅस्टर भिंतीपासून सुटलंय. खडूनं गोल करा. त्या गोलात पाणी मारायचं नाही, घासायचं नाही. तो गवंड्याचा भाग.

तळहात भिंतीवर दाबून फिरवा. हाताला पिठासारखी पावडर लागली तर रंगाचं आयुष्य संपलंय. अशी भिंत धुतली की ठिकठिकाणी फिकी पडेल. धुवायची जरूर, पण रंग द्यावा लागणार हे मनात धरून.

मगभर पाणी शिंपडा. पाणी मोत्यासारखं ओघळलं तर वरचा थर शाबूत आहे. भिंतीनं ते गटकन पिऊन टाकलं आणि काळपट डाग राहिला, तर तुम्ही जे काही लावाल तेही ती असंच पिणार. तिथं साबण आणि औषध दोन्ही हलक्या हातानं.

मग पाइपच्या मागचा, कुणाला न दिसणारा फूटभर चौकोन निवडा. जे करायचं ठरवलंय ते सगळं आधी तिथं करा आणि एक दिवस वाळू द्या. ओल्या भिंतीवर सगळंच छान दिसतं. रंग उडालाय का, पांढरे पट्टे उमटलेत का, ते वाळल्यावरच कळतं. गडद विटकरी किंवा लाल रंग ब्लीचनं फिका पडू शकतो, म्हणून हा चौकोन टाळू नका.

सामान आणि तयारी

चुना मारायचा जुना कुंचला, गाडी धुण्याचा लांब दांड्याचा मऊ नायलॉनचा ब्रश, दोन बादल्या, प्लास्टिकचा फवारा, रबरी हातमोजे, डोळ्यांवर चष्मा, घमेलं. तारेचा ब्रश घरात असेल तर तो शेजाऱ्याला देऊन टाका, निदान आठवडाभर. तो रेती तर उकरतोच, शिवाय त्याच्या तारेचे तुकडे खरखरीत भिंतीत अडकतात आणि पहिल्या पावसात गंजाचे ठिपके होऊन उगवतात.

फवाऱ्याबद्दल एक नाशिककर सूचना. आपल्याकडे कुणाच्या ना कुणाच्या मळ्यातून पाठीवरचा पंप सहज मिळतो. द्राक्षबागेत वापरलेला पंप भिंतीसाठी आणू नका. त्याच्या टाकीत आणि नळीत औषधाचा अंश असतो, त्यावर ब्लीच ओतणं धोक्याचं, आणि उरलेलं तणनाशक तुमच्या तुळशीवर उडालं तर ती गेलीच म्हणून समजा. मोरचूदचं पाणी मारा, शेवाळ मरतं, असाही सल्ला मिळेल. शेवाळ मरतं हे खरं, पण भिंतीवर निळे-हिरवे डाग राहतात. बोर्डो, म्हणजे मोरचूद-चुन्याचं औषध, मारलेली द्राक्षाची पानं आठवा.

बाहेरचे दिवे, बेल, कॅमेरा यांचा एमसीबी पाडा. मीटरच्या पेटीच्या आसपास पाणी मारूच नका, तेवढा भाग ओल्या फडक्यानं पुसा. खिडक्या लावून घ्या; स्लायडिंग खिडकीच्या खालच्या पट्टीतली पाणी जायची भोकं मोकळी आहेत का पाहा, नाहीतर पाणी घरात येईल. बुडाशी लावलेली झाडं आधी साध्या पाण्यानं भिजवा आणि जुन्या चादरीनं झाका. प्लास्टिक नको, उन्हात आत भाजून निघतात.

शिडी ४ फूट उंचीला १ फूट या हिशोबानं तिरकी लावा. ॲल्युमिनियमची शिडी विजेच्या सर्व्हिस वायरजवळ नेऊ नका. आणि पहिल्या मजल्याच्या वर स्वतः चढायचं नाही. तिथं परांची बांधणारे किंवा झुल्यावर बसणारे रंगारी लागतात. त्यांना बोलवा, पण घमेलं खाली तुम्ही ठेवा.

आधी कोरडं

सगळ्यात जास्त लोक हीच पायरी गाळतात. कोरडी धूळ कोरडीच काढली तर ती उडून जाते. तिच्यावर पाणी पडलं की तिचा चिखल होतो आणि खरखरीत भिंतीच्या खळग्यांत जाऊन बसतो. मग तो काढायला जोर लावावा लागतो, आणि जोर लावला की घमेल्यात रेती येते.

नाकाला फडकं बांधून वरून खाली कुंचला फिरवा. झाडल्यासारखा, घासल्यासारखा नाही. जळमटं, पानं, सुकलेलं शेवाळ याच वेळी जाऊ द्या.

छज्जाखाली कुंभारीण माशीची मातीची घरटी असतील तर ती कोरडी उचकटू नका. तिची माती वाळूच्या कणांत घट्ट बसलेली असते, घरट्यासकट प्लॅस्टरचा खपला येतो. ओला फडका दहा मिनिटं दाबून ठेवा, मग लाकडी पट्टीनं अलगद सरकवा. वेल चढलेली असेल तर बुडाशी कापा आणि सुकू द्या. हिरवी वेल ओढली तर तिची मुळं भिंत घेऊनच येतात. पारव्यांची घाण मात्र उलट: ती कोरडी खरवडायची नाही, तिची धूळ छातीला वाईट. आधी पाणी शिंपडा, मास्क लावा, मग काढा. गांधीलमाश्यांचं पोळं दिसलं तर त्या दिवशी भिंत राहू द्या.

पाणी

गच्चीवरच्या टाकीचं पाणी खालच्या नळाला येतं तेव्हा त्याला किती दाब असतो? दहा मीटर उंचीला एक बार, हा हिशोब. दोन मजली बंगल्याची टाकी नळापासून सातेक मीटर वर असेल, म्हणजे ०.७ बार. गाड्या धुणाऱ्या मशीनचा दाब १०० बारच्या आसपास किंवा वर. माझ्या भिंतीवर त्या दिवशी रोजच्या नळाच्या दीडशेपट जोर पडला होता.

टाकीच्या पाण्याचा रबरी पाइप, पुढं साधा झारीसारखा फवारा, एवढंच बस. आधी सगळी भिंत वरून खाली नुसती भिजवा आणि पाच मिनिटं थांबा. हे पाणी धुण्यासाठी नाही, भिंतीची तहान भागवण्यासाठी. तहानलेली भिंत साबण आणि मळाचं पाणी आत ओढून घेते; पोट भरलेली भिंत ते वरच ठेवते. भेगा असतील तिथं फवारा आडवा धरून पाणी आत मारू नका, वरून खाली ओघळू द्या. घमेलं आत्ताच लावा.

बोअरचं पाणी जड असेल तर शेवटचं धुणं तरी महानगरपालिकेच्या नळाच्या पाण्यानं करा. जड पाणी वाळल्यावर पांढरे ठिपके सोडतं आणि माणूस ते लोणा समजून हैराण होतो. पाण्यासाठी जीव चुकचुकत असेल (आमच्या घरात चुकचुकतो) तर पाइपऐवजी बादली-मग घ्या. वेळ जास्त लागतो, पण भिंतीचं काही बिघडत नाही.

साबण, खालून वर

दहा लिटरच्या बादलीत भांडी घासायच्या लिक्विडचे दोन चमचे. फेस फार झाला तर धुताना दुप्पट पाणी जातं. रिठ्याचं पाणीही छान काम करतं: मूठभर रिठ्याच्या साली रात्री भिजवा, सकाळी उकळा, गाळा, बादलीत मिसळा. पण ते तपकिरी असतं, फिक्या भिंतीवर वाळू देऊ नका. धुण्याचा सोडा टाळा. त्याचे क्षार खरखरीत भिंतीत राहिले तर निघता निघत नाहीत.

साबण लावायचा खालून वर. हे ऐकून प्रत्येक जण एकदा तरी वाद घालतो, मीही मामांशी घातला. वरून सुरुवात केली तर मळाचं साबणपाणी खालच्या न धुतलेल्या भिंतीवरून वाट काढत जातं आणि तिथं पट्टे उमटतात, ते मग घासूनही जात नाहीत. खालचा भाग आधीच साबणानं ओला असेल तर तेच पाणी त्यावरून घसरून जातं. स्वच्छ पाण्यानं धुवायचं मात्र वरून खाली.

एका वेळी चार-पाच फूट रुंदीचा पट्टा घ्या, जास्त नाही. ब्रश भिंतीवर सपाट ठेवा आणि भाकरी थापतो तितक्याच जोरानं थापटत पुढं जा. आपल्याला ब्रशच्या केसांची टोकं खळग्यांत उतरवायची आहेत, दांड्याचं वजन नाही. गोल-गोल रगडू नका. केस वाकले की समजा, जोर जास्त झाला. साबण पाच मिनिटं राहू द्या, वाळू देऊ नका, आणि धुवा. मग घमेल्याच्या तळाशी बोट.

दोन-चार कण लागले तर घाबरू नका, सैल झालेले कण कुठल्याही भिंतीवर असतात. तळाशी थर जमला, चिमटीत धरता आला, तर ब्रश ठेवून द्या. त्या भागाला आता फक्त पाणी. मळ थोडा राहिला तर राहू दे. डाग रंगाखाली झाकता येतो, गेलेली रेती परत येत नाही.

शेवाळ आणि काळी बुरशी

साबणानं धूळ जाते, शेवाळ मरत नाही. ते नुसतं घासून काढलं तर मुळाशी उरलेलं पुढच्या जुलैत परत हिरवं होतं. म्हणून आधी मारायचं, मग काढायचं, आणि काढायला फार घासावं लागत नाही.

घरगुती लिक्विड ब्लीच एक भाग, पाणी दहा भाग, इथून सुरुवात. हट्टी काळ्या थराला एकास पाचपर्यंत जा, त्यापुढं नाही. बाटली ताजी घ्या. उन्हात आणि जुनं होत जाताना ब्लीचचा जोर उतरतो. ब्लीचिंग पावडर वापरत असाल तर दहा लिटर पाण्यात साधारण १०० ग्रॅम प्लास्टिकच्या बादलीत कालवा, गाळ खाली बसू द्या आणि वरचं निवळ पाणीच घ्या. गाळासकट मारलंत तर भिंतीवर चुन्याचे ठिपके. रंगाच्या दुकानात भिंतीसाठी तयार बुरशीनाशकही मिळतं. डब्यावरचं प्रमाण पाळा.

भिंत आधी साध्या पाण्यानं ओली करा. वारा नसताना, हातमोजे आणि चष्मा लावून, मंद फवारा मारा. दहा-पंधरा मिनिटं थांबा, वाळायला लागलं तर पुन्हा हलका फवारा. हिरव्याचा रंग उडून करडा झाला की मऊ ब्रशनं एकदा थापटा आणि भरपूर पाण्यानं धुवा. झाडांवरची चादर काढून त्यांनाही पाणी द्या. हे पाणी विहिरीकडे किंवा माशांच्या हौदाकडे जाणार नाही असं बघा.

आता ज्यावर हसून पुढं जाता येत नाही ते. ब्लीचमध्ये टॉयलेट क्लीनर, फरशीचं ॲसिड, व्हिनेगर, लिंबूफूल यातलं काहीही मिसळायचं नाही. आधी एक मारून लगेच त्यावर दुसरंही नाही. त्यातून क्लोरीन वायू निघतो, तो उघड्यावरही छातीत जातो. अमोनियाच्या क्लीनरबरोबरही ब्लीच विषारी वायू करतं. "दोन्ही मिळून जोर वाढेल" असं म्हणणारा कामगार भेटला तर त्याला चहा पाजून घरी पाठवा.

लोणा, गंज आणि रंगपंचमी

लोणा धुवायचा नाही. तो प्लॅस्टरमधल्या क्षारांचा आहे; पाणी मारलं की विरघळून परत आत जातो आणि वाळताना पुन्हा बाहेर येतो. कोरड्या ब्रशनं झाडा, खाली वर्तमानपत्र धरा म्हणजे ते क्षार पुन्हा पायथ्याला मुरणार नाहीत, आणि ओल कुठून येते ते शोधा. बाथरूमच्या मागच्या भिंतीवर असेल तर शोध लांब जाणार नाही.

ग्रील आणि एसीच्या स्टँडखालचा गंज लिंबूफुलानं फिका होतो. लिटरभर पाण्यात एक चमचा, भिंत आधी ओली, फडक्यानं फक्त डागावर टिपायचं, पाच मिनिटांत धुवायचं. हे फक्त रंग शाबूत असलेल्या भिंतीवर. बुडबुडे आले तर ते गंजाचे नाहीत, सिमेंट विरघळतंय. लगेच पाणी ओता. आणि ज्या दिवशी ब्लीच वापरलं त्या दिवशी हे नाही.

आपण रंग धुळवडीला नाही, रंगपंचमीला खेळतो. जुन्या नाशकात पेशवेकालीन रहाडी, म्हणजे रंगाच्या पाण्याचे जमिनीतले हौद, उघडतात, आणि कॉलनीत पोरं फाटकाच्या खांबांवर हात पुसतात. कोरड्या रंगावर पाणी टाकण्याचा मोह आवरा. आधी कुंचल्यानं झाडा, मग फुंकणीनं किंवा पंख्याच्या वाऱ्यानं उडवा, मग साबण. आधी पाणी पडलं तर गुलाबी ढग वर्षभर राहतो.

कंपाउंडवरची पानाची पिचकारी ताजी असेल तर त्याच क्षणी दोन मग पाणी. जुनी असेल तर आधी साबण, मग दुसऱ्या दिवशी हलकं ब्लीच, आणि तरी पिवळट सावली राहील. तिथं एक कुंडी ठेवा.

मशीनच वापरायचं असेल तर

मोठी भिंत, वेळ कमी, माणूस बोलावलाच आहे. ठीक. पण नोझल पंख्यासारखं पसरणारं हवं, ४० अंशांचं. बऱ्याच मशीनना ते पांढऱ्या रंगाचं असतं. लाल, म्हणजे सरळ सुईसारखी धार, आणि पिवळं भिंतीजवळ आणू देऊ नका. गोल फिरणारं तर नकोच. अंतर किमान तीन फूट, झोत तिरका आणि खालच्या दिशेनं. छज्जाच्या पोटात किंवा खिडकीच्या फटीत खालून वर मारलेलं पाणी प्लॅस्टरच्या मागे जातं आणि टेक्श्चर सुटतं. खडूच्या गोलांवर तर नाहीच. आणि पहिलं मिनिट झालं की, "दादा, एक मिनिट थांबा," म्हणून घमेलं बघा. माणूस जरा चिडतो. चिडू द्या.

वाळल्यावर

चार-पाच उन्हाचे दिवस जाऊ द्या, उत्तरेच्या भिंतीला जास्त. रंग द्यायचा असेल तर फूटभर प्लास्टिकचा तुकडा चारही बाजूंनी टेपनं भिंतीवर चिकटवा आणि रात्रभर ठेवा. सकाळी आतून थेंब दिसले तर भिंत अजून ओली आहे, रंगाऱ्याला थांबवा. भेगा भरायच्या त्या यानंतर. ओल्या भेगेत भरलेला फिलर पुढच्या उन्हाळ्यात पोपडा होऊन येतो. बद्द वाजणारे गोल गवंड्याकडून फोडून घ्या आणि त्याला वाळू तशीच, त्याच जाडीची आणायला सांगा. नाहीतर ठिगळ लांबून ओळखू येतं.

आमच्या पश्चिमेच्या पट्ट्यावर मामांनी नंतर स्पंज मारून नवा थर दिला होता. दुपारी उभ्या उन्हात काही कळत नाही. संध्याकाळी साडेपाचला ऊन आडवं आलं की बाकी भिंतीवर प्रत्येक कणाची बारीक सावली पडते, आणि त्या तीन फुटांत ती पडत नाही.